अल्पदृष्टी : प्रमाणपत्र मिळाले, पुढे काय?

२०२४ सालच्या जुलै महिन्यात महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची निवड वादग्रस्त ठरली आणि त्या निमित्ताने 'अल्पदृष्टी' हा शब्द बहुधा पहिल्यांदाच घरोघरी पोहोचला. पोहोचला तो मात्र संशयाचे बोट धरून. ज्याला चालताना काठी लागत नाही, जो समोरच्या माणसाकडे पाहून बोलतो, त्याला दृष्टीच्या कारणावरून सवलत कशी मिळते, असा प्रश्न त्या दिवसांत चौकाचौकांत विचारला गेला. पुढे प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची लाट आली. दिव्यांग म्हणून नोकरीत असलेल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा एकदा तपासणीस उभे राहावे लागले. खोट्या प्रमाणपत्रावर हक्क लाटणाऱ्याला शासन झालेच पाहिजे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ९१ व्या कलमात त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहेच. परंतु या कोलाहलात एक मूलभूत प्रश्न मागे पडला. ज्याचे प्रमाणपत्र खरे आहे, त्याला ते मिळाल्यानंतर नेमके काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास आपल्या व्यवस्थेतील खरी उणीव दृष्टीस पडते.

अंध आणि डोळस यांच्या मधला प्रदेश

अंध आणि डोळस अशा दोनच वर्गांत माणसांची विभागणी करण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुतः या दोहोंच्या मध्ये फार मोठा प्रदेश पसरलेला आहे. चष्मा, औषध, शस्त्रक्रिया हे सारे उपाय करून झाल्यावरही ज्याची दृष्टी कामापुरती सुधारत नाही, आणि तरीही ज्याच्यापाशी उपयोगात आणता येईल अशी काही दृष्टी शिल्लक आहे, तो अल्पदृष्टीचा माणूस. ही दृष्टी प्रत्येकाची वेगळी असते. डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू झिजला म्हणजे पाहू जावे तेथेच डाग येतो. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण वाटेतला दगड चुकविता येतो. काचबिंदूत किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसासारख्या आनुवंशिक विकारात नेमके उलटे घडते. बाजूची दृष्टी आकसत जाते आणि नळीतून पाहावे तसे जग दिसते. असा माणूस वर्तमानपत्रातील बारीक मजकूर वाचू शकेल, पण शेजारून येणारी सायकल त्याला दिसणार नाही. दिवेलागणीनंतर तर त्याला घराबाहेर पडणेच अवघड होते. वर्णहीनता घेऊन जन्मलेल्या मुलाला भर दुपारचा उजेड सहन होत नाही. मधुमेहाने पडदा विकृत झालेल्यांची दृष्टी ठिकठिकाणी विरलेल्या कापडासारखी होते.

याचा परिणाम असा की, एकच माणूस एका क्षणी डोळस वाटतो आणि दुसऱ्या क्षणी आंधळा. सकाळी पुस्तक वाचणारा मुलगा संध्याकाळी पायरीवर ठेचकाळला की घरचे त्याला धांदरट ठरवितात. रस्त्यात ओळख न देणारी सून गर्विष्ठ ठरते. फळ्यावरचे न दिसणारा विद्यार्थी मठ्ठ ठरतो. पूर्ण अंधाच्या वाट्याला निदान सहानुभूती येते. अल्पदृष्टीच्या माणसाला आधी अविश्वासाशी सामना करावा लागतो, आणि २०२४ च्या प्रकरणाने या अविश्वासाला जणू सरकारी शिक्काच मिळाला.

आकड्यांचे गणित

या प्रदेशाच्या सीमा कायद्याने कशा आखल्या आहेत, ते पाहणे उद्बोधक ठरेल. २०१६ च्या कायद्यानुसार, चांगल्यात चांगला चष्मा लावून अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी व ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टीचे क्षेत्र ४० अंशांहून कमी व १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी. त्याखालचे ते अंधत्व. ६/१८ याचा अर्थ असा की, निकोप डोळ्याला जे अक्षर अठरा मीटरवरून वाचता येते, ते वाचण्यासाठी या माणसाला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते. ३/६० म्हणजे साठ मीटरवरून दिसावे ते तीन मीटरवरूनच दिसणे.

१९९५ च्या जुन्या कायद्यात ६/६० किंवा त्याहून कमी दृष्टी असलेल्याला अंध म्हटले होते. नव्या कायद्याने ही रेषा ३/६० वर नेली. २०१७ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानेही आपली व्याख्या तशीच बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाशी मेळ बसावा हा त्यामागील हेतू रास्त होता. पण त्यामुळे काल कायद्याने अंध असलेले कित्येक लोक आज कायद्याने 'अल्पदृष्टी' झाले. त्यांच्या डोळ्यांत काही फरक पडला नव्हता. म्हणजे 'अल्पदृष्टी' या सौम्य वाटणाऱ्या शब्दाखाली, फळ्यावरचे न दिसणारा विद्यार्थी आणि चार पावलांवरचा माणूस न ओळखणारा वृद्ध हे दोघेही आता एकत्र येतात.

दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. १९९५ च्या कायद्याची अल्पदृष्टीची व्याख्या आकड्यांत नव्हती. योग्य साधनाच्या मदतीने एखादे काम योजण्यासाठी वा पार पाडण्यासाठी जो आपली उरलेली दृष्टी वापरतो किंवा वापरू शकेल तो अल्पदृष्टीचा, असे तीत म्हटले होते. ती व्याख्या मोजण्यास कठीण होती हे खरे, पण तिचा रोख माणूस काय करू शकेल याकडे होता. नव्या व्याख्येने निश्चिती आणली, मात्र रोख गमावलेल्या दृष्टीकडे वळविला. प्रमाणपत्रावरची टक्केवारी ही गमावलेल्या दृष्टीची टक्केवारी असते. माणूस मात्र जगतो तो उरलेल्या दृष्टीवर.

या टक्केवारीत ४० हा आकडा निर्णायक आहे. शासकीय सेवेत अंध व अल्पदृष्टी यांना मिळून असलेले एक टक्का आरक्षण, उच्च शिक्षणातील सर्व दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के जागा आणि बहुतेक कल्याणकारी योजना या ४० टक्क्यांच्या उंबरठ्यापलीकडेच सुरू होतात. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक डोळा पूर्ण गेलेल्या आणि दुसरा चांगला असलेल्या माणसाचे दिव्यांगत्व ३० टक्के ठरते. दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/२४ ते ६/६० यांच्या दरम्यान असेल तर ते ४० टक्के होते. कोठेतरी रेषा आखावी लागते, हे मान्य. परंतु ही रेषा प्रकाशित खोलीत, पांढऱ्यावर काळ्या ठळक अक्षरांच्या तक्त्यासमोर आखली जाते. धूसर रंग एकमेकांपासून ओळखण्याची क्षमता, झगझगाटाने दिपून जाणे, अंधारात वावरताना होणारी तारांबळ यांना त्या कोष्टकात स्थान नाही. तक्त्यावर बरे गुण मिळविणारा माणूस एस. टी. स्टँडवर गाडीची पाटी वाचू शकेलच असे नाही.

न्यायालयांनी हे वैगुण्य ओळखले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेत लेखनिक मिळण्याचा हक्क केवळ ४० टक्क्यांवरील उमेदवारांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला. तो खटला दृष्टीचा नव्हता, पण त्यातील तत्त्व येथेही लागू पडते. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राला ४० टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात, केवळ टक्केवारीवरून कोणाला अपात्र ठरवू नये, तो अभ्यासक्रम पेलू शकेल की नाही हे मंडळाने तपासावे, असे न्यायालयाने बजावले. आणि ३ मार्च २०२५ रोजी, दृष्टिहीन व अल्पदृष्टी उमेदवारांना न्यायिक सेवेबाहेर ठेवणारा मध्य प्रदेशाचा नियम रद्दबातल ठरविला. या साऱ्यांतून एकच सूत्र निघते : माणसाची क्षमता एका आकड्यात सामावत नाही.

नोंद होते, पण कोणासाठी?

प्रमाणपत्राची वाट कशी आहे? स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करावयाचा, ठरलेल्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जावयाचे, तेथील नेत्रतज्ज्ञाने तपासावयाचे आणि मग प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र हाती यावयाचे, असा हा क्रम आहे. २०२४ च्या दुरुस्त नियमांनी निर्णयाची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली आणि ओळखपत्रांना दिव्यांगत्वाच्या प्रमाणानुसार पांढरा, पिवळा व निळा असे रंग दिले. ४० टक्क्यांखालील माणसाला पांढऱ्या रंगाचे कार्ड मिळते. शासन त्याचे दिव्यांगत्व मान्य करते, त्यापलीकडे त्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. ज्याला संगणकाचा पडदा वाचता येत नाही त्यानेच संगणकावर अर्ज भरावयाचा, यातील विसंगतीबद्दल काय बोलावे! दुर्गम तालुक्यातील वृद्धाला त्यासाठी सोबतीला कोणी घेऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून, जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात.

तरीही नोंदणीचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. प्रमाणपत्राच्या आधारे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा लाभ मागता येतो, एस. टी. च्या भाड्यात सवलत मिळते, परीक्षेत ताशी किमान वीस मिनिटांचा वाढीव वेळ मिळतो, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका मागता येते, आणि १९८१ पासून चालू असलेल्या केंद्राच्या सहाय्यक साधन योजनेतून उपकरणे मिळू शकतात. शाळकरी मुलांना समग्र शिक्षा अभियानातून मोठ्या टाइपातील पाठ्यपुस्तके मिळतात. म्हणून ज्यांची दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही अशांनी लाजेपोटी नोंदणी टाळू नये. या नोंदीने कोणी कमी ठरत नाही. मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून तिचे प्रमाणपत्रच न काढणारे पालक तिला परीक्षेतील हक्काच्या वेळेपासूनही वंचित ठेवतात, हे त्यांच्या लक्षात यावयास हवे.

पण खरी पोकळी आहे ती प्रमाणपत्रानंतर. दृष्टी गमावलेल्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची परंपरा मोठ्या प्रमाणात ब्रिटनमध्ये रुजली. १९२० च्या अंध व्यक्ती कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर अंधांच्या कल्याणाची जबाबदारी टाकली. आज इंग्लंडमध्ये नेत्रतज्ज्ञ 'दृष्टिबाधित' वा 'गंभीर दृष्टिबाधित' असे प्रमाणपत्र देतो, तेव्हा त्याची एक प्रत स्थानिक प्रशासनाच्या समाजसेवा खात्याकडे जाते, आणि त्या खात्याने स्वतः होऊन त्या माणसाशी संपर्क साधावा अशी अपेक्षा असते. नोंदवहीत नाव घालावयाचे की नाही हे तो ठरवितो. नाव न घातले तरी त्याची गरज तपासून घेण्याचा त्याचा हक्क अबाधित राहतो. अनेक नेत्ररुग्णालयांत अशा रुग्णाशी बोलण्यासाठी, त्याला पुढची वाट दाखविण्यासाठी स्वतंत्र संपर्क अधिकारी नेमलेला असतो. तेथेही सारे आलबेल आहे असे नव्हे. पण त्या व्यवस्थेचे तत्त्व घेण्यासारखे आहे. तेथे कागद सरकारकडे जातो आणि सरकार माणसाकडे येते. आपल्याकडे कागद माणसाच्या हाती येतो आणि तो घेऊन माणूस सरकारच्या एकेका दारी फिरतो. त्यातही प्रत्येक दारावरची भाषा वेगळी. रेल्वेच्या भाडेसवलतीचे नियम वर्षानुवर्षे 'दृष्टीचा पूर्ण अभाव' असलेल्यांना उद्देशूनच लिहिले गेले.

'आता काही करता येणार नाही'

याहून मोठी हानी होते ती रुग्णालयाच्या खोलीत. पडद्याचा वा नसेचा असाध्य विकार झालेल्या रुग्णाला अखेरीस एक वाक्य ऐकावे लागते : "आता काही करता येणार नाही." वैद्यकीय अर्थाने हे खरे असेल. पण घरी जाणारा माणूस त्याचा अर्थ 'आता माझ्याच्याने काही होणार नाही' असा घेतो आणि येथेच त्याच्या आयुष्याची दिशा बदलते. शिक्षक नोकरी सोडतो, शिंपी यंत्र विकतो, विद्यार्थिनी शाळा सोडते.

वस्तुतः उपचार संपतात तेथेच अल्पदृष्टीसेवा सुरू होते. योग्य शक्तीचे भिंग, उभ्या स्टँडवरचे भिंग, लांबचे पाहण्यासाठी छोटी दुर्बीण, झगझगाट कमी करणारे रंगीत काचेचे चष्मे, पडद्यावर अक्षर मोठे करून दाखविणारे यंत्र ही तिची साधने. त्याहून स्वस्त उपायही आहेत. मानेच्या मागून येणारा टेबलदिवा, काळ्या जाड रेघांची वही, जाड निबाचे पेन, एकेक ओळच दिसावी म्हणून काळ्या पुठ्ठ्याला पाडलेली खाच, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला रंगविलेला पिवळा पट्टा, पांढऱ्या भाताला रंगीत ताट. आजच्या साध्या मोबाइलमध्येही अक्षरे मोठी करण्याची व मजकूर वाचून दाखविण्याची सोय असते. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोटा ओळखून सांगणारे 'मणी' हे मोबाइल उपयोजन काढले. २०१६ नंतरच्या नव्या नोटांचे आकार बदलल्यामुळे हाताच्या अंदाजाने नोट ओळखणाऱ्यांची जी अडचण झाली, तीविरुद्ध राष्ट्रीय अंधजन मंडळाला मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली होती.

मात्र नुसते भिंग देऊन भागत नाही. कोणते भिंग, किती अंतरावर, कोणत्या उजेडात हे शिकावे लागते. मध्यभागी डाग असलेल्याने नजर किंचित बाजूला वळवून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. दृष्टी गेलेल्या काही वृद्धांना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसू लागतात. मेंदूची ही एक ज्ञात प्रतिक्रिया आहे, तिला चार्ल्स बॉने लक्षणसमूह म्हणतात. पण हे कोणी न सांगितल्यामुळे आपल्याला वेड लागले या भीतीने ते गप्प बसतात. हे सारे समजावून सांगणारे माणूसच आपल्या व्यवस्थेत नाही.

त्यात एक जुना गैरसमज अजून घरोघरी टिकून आहे. 'डोळ्यांना ताण देऊ नकोस, उरलेले जपून ठेव' असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांतही हाच समज होता आणि अंशतः दिसणाऱ्या मुलांसाठी 'दृष्टिरक्षणा'चे वर्ग चालत. १९६४ मध्ये नॅटली बरागा या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिले की, अशा मुलांना पाहण्याचे पद्धतशीर शिक्षण दिल्यास त्यांचा दृष्टीचा वापर सुधारतो. दृष्टी वापराने झिजत नाही. उलट न वापरल्याने ती वाया जाते.

कोठून आरंभ करावा?

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे दिव्यांगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणाने अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आणि दृष्टिबाधेचे २.५५ टक्के दिले. या दुसऱ्या आकड्यात मोतीबिंदू व चष्म्याअभावी न दिसणारे बहुसंख्य आहेत आणि त्यांना बरे करणे हेच पहिले कर्तव्य, यात वाद नाही. १९७६ पासून चाललेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे यश मोठे आहे. पण त्या कार्यक्रमाचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येने मोजले गेले, आणि ज्याच्यावर शस्त्रक्रिया करता येत नाही तो त्या हिशेबातून निसटला. जसजसे मोतीबिंदू कमी होतील आणि मधुमेह व वार्धक्य वाढेल, तसतसा हा निसटलेला वर्गच मोठा होत जाणार आहे.

उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे प्रमाणपत्र तयार होताच त्याची नोंद, संबंधित व्यक्तीच्या संमतीने, आपोआप जिल्ह्याच्या दिव्यांग कल्याण यंत्रणेकडे, विद्यार्थी असल्यास शाळेकडे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेकडे जावी. ठराविक मुदतीत कोणीतरी त्या माणसाशी संपर्क साधावा. राज्याने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. त्याच्या उपयुक्ततेची कसोटी येथेच लागेल. दुसरी गोष्ट, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून निदान एक दिवस अल्पदृष्टी बाह्यरुग्ण विभाग चालावा. ग्रामीण रुग्णालयांतील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांना त्याचे प्रशिक्षण देणे अशक्य नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थांत आज जी सेवा मिळते, तिच्यासाठी गडचिरोली वा नंदुरबारच्या माणसाने तेथवर यावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तिसरी गोष्ट, ग्रामपंचायती, नगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. वर्षअखेरीस तो रोख वाटून मोकळे होण्याऐवजी त्यातून ४० टक्क्यांखालच्यांनाही भिंगे, दिवे, जाड रेघांच्या वह्या देता येतील. आणि चौथी, प्रमाणपत्राच्या टक्केवारीसोबत त्या माणसाला काय दिसते, कोणत्या कामात कोणती मदत लागेल, याचे एक पान जोडले जावे.

या शेवटच्या सूचनेने तोतयेगिरीलाही आळा बसेल. नुसता आकडा खोटा लिहिता येतो. वर्गात, कचेरीत, रस्त्यात रोज दिसून येणाऱ्या अडचणींचे तपशीलवार वर्णन वर्षानुवर्षे खोटे निभावणे कठीण. शिवाय ज्या प्रमाणपत्राचे फलित भिंग, दिवा आणि प्रशिक्षण हे असेल, ते चोरावेसे कोणाला वाटणार? आज प्रमाणपत्राचे जवळजवळ सारे मोल नोकरीच्या आणि प्रवेशाच्या जागेत साठले आहे, म्हणूनच त्याचा बाजार होतो आणि त्या बाजाराची शिक्षा प्रामाणिक माणसाला संशयाच्या रूपाने भोगावी लागते.

प्रमाणपत्रांची तपासणी अवश्य व्हावी. परंतु ज्या शासनाला कोणाची दृष्टी किती टक्के गेली हे दोनदा मोजण्यास वेळ आहे, त्याने उरलेल्या दृष्टीचे काय करता येईल, हे निदान एकदा तरी त्या माणसाला विचारले पाहिजे. नोंदणीला अर्थ येईल तो त्या दिवशी.